पाव मैल

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. डेट्रॉइटच्या वेशीवरच्या फर्न्डेलपासून वर पॉन्टियाकपर्यंत लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि समोरून दिवसभर गाड्या वाहत राहतात. रॉयल ओकमधल्या एका पार्किंगमध्ये १९७० सालची, जनरल मोटर्सच्या शेव्हर्ले विभागाची शेव्हेल एसएस उभी होती. लाल रंग, बॉनेटवर दोन रुंद काळे पट्टे, आत एलएस-६ इंजिन: ४५४ क्यूबिक इंच, कागदावर ४५० हॉर्सपॉवर. समोर फ्रेम केलेली पाटी, त्यात बिल्डशीटची, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं याच्या फॅक्टरीतल्या यादीची, प्रत, आणि खाली 'कृपया हात लावू नये'. सतरा-अठरा वर्षांच्या एका मुलानं ती पाटी शेवटपर्यंत वाचली आणि मालकाला ड्रॅग शर्यतीचा नेहमीचा प्रश्न विचारला, "पाव मैलाला किती सेकंद घेते?" मालक म्हणाला, "ती कधी पळवलेलीच नाही. ट्रेलरवरून येते, ट्रेलरवरूनच घरी जाते." हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता. मुलानं मान डोलावली आणि तो पुढच्या गाडीकडे गेला.

ते उत्तर माझ्या मनातून जाईना.

कारण एलएस-६ हे इंजिन ज्यानं आतून पाहिलंय त्याला ते कशासाठी बनवलं होतं हे सांगावं लागत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती दाबलं जातं ते, सव्वाअकराला एक. व्हॉल्व्ह उचलणारे टॅपेट ऑइलनं आपोआप जुळणारे हायड्रॉलिक नव्हेत, सॉलिड. म्हणजे त्यांची गॅप दर काही काळानं फिलर गेजच्या पातळ पट्टीनं मोजून बसवायची, इनटेकला ०.०२४ इंच, एक्झॉस्टला ०.०२८, आणि तीही इंजिन तापलेलं असताना, बोटं भाजत. वर मिनिटाला ७८० घनफूट (सीएफएम) हवा घेणारा होली कार्बोरेटर. काउल इंडक्शनचं बॉनेट असेल तर त्याच्या फुगवट्यात मागच्या बाजूला, पुढच्या काचेकडे तोंड करून, एक झडप असते. गाडी वेगात असताना काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो, म्हणून ती तिथं. एक्सलरेटर तळाला टेकला की इनटेक मॅनिफोल्डमधला (हवा इंजिनात नेणाऱ्या नळकांड्यातला) व्हॅक्यूम पडतो, झडप आपोआप उघडते आणि बाहेरची गार हवा थेट एअर क्लीनरमध्ये शिरते. बाजारहाट करायला यातलं काहीही लागत नाही. सावकाश चालवलेल्या गाडीत ती झडप उघडतही नाही. अशा गाडीला मखरात बसवून ठेवायचं आणि 'ही कधी पळाली नाही' हे तिचं मोठेपण म्हणून सांगायचं, हे मला पटत नाही.

या गाड्यांचा, म्हणजे अमेरिकन मसल कारचा, जन्मच मुळी एका पळवाटेतून झाला. जानेवारी १९६३ मध्ये जनरल मोटर्सनं आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींपासून हात झटकायला लावले. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्यूबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असाही कंपनीचा नियम होता. पॉन्टियाकचा चीफ इंजिनिअर जॉन डीलोरिअन आणि त्याचे सहकारी बिल कॉलिन्स आणि रस गी यांच्या लक्षात आलं, की टेम्पेस्टमध्ये बसणारं ३२६ चं इंजिन आणि मोठ्या पॉन्टियाकमधलं ३८९ यांचा बाहेरचा आकार एकच आहे, माउंटिंगही तीच. नियम मूळ मॉडेलच्या इंजिनाबद्दल होता, ऑप्शनबद्दल काही म्हणत नव्हता. मग १९६४ च्या टेम्पेस्ट लेमान्सला जीटीओ नावाचा ऑप्शन जोडला गेला, किंमत तीनशे डॉलरच्या जरा आत. त्यात ३८९ चं इंजिन, जड क्लच, कडक स्प्रिंगा, दोन सायलेन्सर. हवं असेल तर आणखी पैसे मोजून ट्राय-पॉवर, म्हणजे ओळीनं तीन रोचेस्टर कार्बोरेटर. रोज मधल्या एकावर चालवायची आणि पाय दाबला की बाजूचे दोन उघडायचे. वरच्या साहेबांना पाच हजार गाड्या खपतील की नाही याची धास्ती होती. पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या.

मोठ्या गाडीचं इंजिन मधल्या गाडीत, एवढीच सगळी पाककृती. पण ती परवडणारी होती, आणि माझ्या मते या साऱ्या गोष्टीचं मर्म तिथं आहे. १९६८ मध्ये प्लिमथनं रोड रनर काढली. ३८३ चं इंजिन, त्यावर ४४० च्या मोठ्या इंजिनाचे हेड आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), ३३५ हॉर्सपॉवर. पण आत सरळ बाकासारखी सीट, पायाखाली कार्पेटऐवजी रबराचं आच्छादन, मागच्या काचा खाली-वर करायचा हँडलसुद्धा नाही, नुसत्या बाहेरच्या बाजूला किंचित उघडायच्या. किंमत २,८९६ डॉलर. जे पळायला लागत नाही ते काढून टाकलं आणि पैसा सगळा इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये घातला. त्या वर्षी जवळपास ४५ हजार विकल्या गेल्या. फाउंड्रीत किंवा असेंब्ली लाइनवर तासावर पगार घेणाऱ्या पोराला ती हप्त्यावर घेता येत होती. आपण दिवसा जी गाडी जोडतो तीच रात्री आपल्या मालकीची असणं, आणि ती शहरातल्या कुठल्याही श्रीमंताच्या गाडीला मागे टाकणारी असणं, हे जगात फार थोड्या कामगारांच्या वाट्याला आलंय.

आणि मग वुडवर्ड. नदीकाठापासून पॉन्टियाक शहरापर्यंत जाणारा हा रस्ता आधीपासूनच मोटारींचा. सिक्स माइल आणि सेव्हन माइल रोडच्या मधला त्याचा एक मैल १९०९ मध्ये काँक्रीटचा झाला होता. साठच्या दशकात उपनगरांतून तो ऐसपैस, मध्ये हिरवळीचा पट्टा असलेला, सरळसोट, आणि दर काही अंतरावर सिग्नल. सिग्नल म्हणजे सुरुवातीची रेषा आणि पुढचा सिग्नल म्हणजे शेवटची. टेड्स आणि टोटेम पोल या ड्राइव्ह-इन हॉटेलांच्या आवारात गाडीत बसून बर्गर खात पोरं एकमेकांच्या गाड्यांचा अंदाज घ्यायची आणि मग बाहेर पडून हिशेब मिटवायची. क्रायस्लरची कचेरी हायलँड पार्कला, अगदी वुडवर्डला लागून. पॉन्टियाकचा कारखाना रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. त्यामुळे शेजारच्या लेनमधल्या साध्या दिसणाऱ्या गाडीत कंपनीचा इंजिनिअर बसलेला असू शकत होता, आणि पुष्कळदा असायचाही. रस्त्यावरच्या या शर्यतींनी माणसं मारली, हेही सांगितलं पाहिजे. त्या रात्रींच्या आठवणी काढणारे ही बाजू वगळतात. चारही चाकांच्या ड्रम ब्रेकवर पावणेदोन टनांची गाडी ताशी शंभर मैलांवरून थांबवणं म्हणजे काय, हे ज्यानं अनुभवलंय तो रस्त्यावरच्या शर्यतीचं कौतुक करणार नाही. ड्रम एकदा तापले की फुगतात, लायनिंगची पकड जाते, आणि दुसऱ्यांदा पाय दाबल्यावर पेडल टणक लागतं पण गाडी थांबत नाही.

आज वॉरन, ऑबर्न हिल्स आणि डिअरबॉर्नच्या मोटार कंपन्यांच्या कचेऱ्यांत पुणे-पिंपरीकडून आलेले कितीतरी मराठी इंजिनिअर काम करतात. ट्रॉय, नोवाय, कँटनमध्ये त्यांची घरं आहेत. ऑगस्टात गणपतीच्या तयारीच्या बैठका चालू असताना वुडवर्डवरून येणारा तो आवाज त्यांनाही ओळखीचा झालाय.

त्या आवाजाचं गणित फार सुंदर आहे. शेव्हीच्या, म्हणजे शेव्हर्लेच्या, व्ही-८ इंजिनात डाव्या बाजूला १, ३, ५, ७ आणि उजव्या बाजूला २, ४, ६, ८ असे सिलिंडर. पेटण्याचा क्रम, म्हणजे फायरिंग ऑर्डर, १-८-४-३-६-५-७-२. नीट बघितलं तर ८ आणि ४ हे दोन्ही उजवीकडचे, लागोपाठ पेटतात. ५ आणि ७ हे दोन्ही डावीकडचे, तेही लागोपाठ. क्रँकच्या दृष्टीनं दर ९० अंशांना एक स्फोट होतो, अगदी समान. पण प्रत्येक बाजूच्या पाइपापुरतं पाहिलं तर स्फोटांमधलं अंतर ९० अंश, कधी १८०, कधी २७० असं विषम पडतं. दोन झटपट, मग एक दम. छातीत जाणवणारी ती गुरगुर या विषम अंतरातून येते. त्यात कॅम मोठा असेल तर आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालतं तेव्हा, आणखी एक गोष्ट घडते. इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदमच उघडे राहतात, जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो, एखादा स्फोट अर्धवट होतो, पुढचा जोरात. गाडी उभ्या जागी डुलते, आरसा थरथरतो, आणि मागे उभं राहिलं की डोळ्यांत पाणी आणणारा न जळालेल्या पेट्रोलचा वास येतो. त्यात मॅनिफोल्डवर ठिबकलेल्या ऑइलचा आणि उन्हात तापलेल्या रेक्झिनच्या सीटचा वास मिसळलेला. ज्यांनी ऐन तारुण्यात हा वास घेतला त्यांना तो पुन्हा नाकाशी आला की बोलणं सुचत नाही, हे मी वुडवर्डच्या कडेला पाहिलंय.

शेजारशेजारचे ५ आणि ७ लागोपाठ पेटतात, यात एक दुखणंही दडलेलं आहे. त्या दोन प्लगांच्या वायरी एकमेकींना चिकटून समांतर नेल्या तर पाचव्याच्या वायरीतला दाब सातव्याच्या वायरीत उतरतो आणि सातवा वेळेआधीच पेटतो. पाय दाबल्यावर एक बारीकसं मिसिंग जाणवतं. लोक कार्बोरेटर खोलत बसतात, आणि दोष असतो वायरींच्या मांडणीत. उपाय एवढाच, की त्या दोन वायरी लांब ठेवायच्या, आणि ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

असल्या खाचाखोचा या गाड्यांचा प्राण होत्या. ज्यांच्या घरी पद्मिनी होती त्यांना आठवत असेल, पावसाळी सकाळी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट पॉलिश पेपरनं घासायचा आणि पोस्टकार्डाच्या जाडीची गॅप ठेवून गाडी चालू करायची. डेट्रॉइटचं इंजिन त्याच घराण्यातलं, फक्त कितीतरी पट मोठं. डेल्कोच्या डिस्ट्रिब्युटरला बाजूला एक लहान सरकती खिडकी असते. इंजिन चालू ठेवून त्या खिडकीतून अष्टमांश इंची अ‍ॅलन की घालायची, इंजिन मिसिंग करू लागेपर्यंत घड्याळाच्या दिशेनं फिरवायची, मग अर्धा फेरा मागे. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेला राहतो ते दाखवणारा) लावला तर काटा ३० अंशांच्या आसपास येतो. त्यानंतर टायमिंग, म्हणजे ठिणगी किती आधी पडते ते: व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं, आणि टायमिंग लाइट धरून ३,००० आरपीएमच्या आसपास एकूण अ‍ॅडव्हान्स ३६ अंशांपर्यंत आणायचा. क्रम महत्त्वाचा, ड्वेल बदलला की टायमिंग बदलतं, टायमिंग बदललं म्हणून ड्वेल बदलत नाही. म्हणून आधी ड्वेल, मग टायमिंग. उलट करणारा माणूस दिवसभर गोल फिरत राहतो.

कार्बोरेटर हा स्वतंत्र संसार. होलीमध्ये पॉवर व्हॉल्व्ह नावाचा रबरी पडद्याचा एक छोटा भाग असतो. मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम ठरावीक आकड्याखाली गेला की तो जादा पेट्रोल सोडतो. त्यावर ६५ लिहिलं असेल तर तो साडेसहा इंचांना उघडतो. आता मोठा कॅम बसवल्यामुळे आयडललाच व्हॅक्यूम नऊ-दहा इंचांवर आला असेल, तर ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये टाकताच तो आणखी पडतो, व्हॉल्व्ह फडफडू लागतो, प्लग काळे पडतात. नियम असा, की आयडलच्या व्हॅक्यूमच्या निम्म्या आकड्याचा पॉवर व्हॉल्व्ह घालायचा. नऊ इंच असेल तर ४५. जुन्या होलीत एक बॅकफायर झाला की तो पडदा फाटायचा. फाटलाय का हे बघायची युक्ती सोपी आहे: आयडल मिक्श्चरचे दोन्ही स्क्रू हळूच पूर्ण आत फिरवायचे. इंजिन बंद पडायला हवं. तरीही चालूच राहिलं तर पेट्रोल दुसरीकडून, फाटक्या पडद्यातून येतंय. रोचेस्टरच्या क्वाड्राजेट कार्बोरेटरची तऱ्हा वेगळी. पुढची दोन भोकं लहान, मागची दोन बोगद्याएवढी, आणि त्या मागच्यांवर स्प्रिंगनं धरलेलं हवेचं झाकण. स्प्रिंग सैल असेल तर झाकण झटकन उघडतं, हवा आधी जाते, पेट्रोल मागून येतं, आणि सुटताना गाडी आचका देऊन क्षणभर थबकते. स्प्रिंगला थोडा पीळ जास्त दिला की थबकणं जातं. कित्येकांनी या एका स्प्रिंगपायी उत्तम क्वाड्राजेट काढून फेकून दिलेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे ज्ञान तेव्हा विकतही मिळायचं. रॉयल ओकमध्ये एस विल्सनची रॉयल पॉन्टियाक नावाची डीलरशिप होती. जिम वँगर्स हा पॉन्टियाकच्या जाहिराती करणारा माणूस तिच्याशी जोडलेला. त्यांची 'बॉबकॅट' किट प्रसिद्ध. त्यात काय असायचं? कॉम्प्रेशन वाढवायला पातळ हेड गॅस्केट. कार्बोरेटरखाली एक्झॉस्टची ऊब नेणारा मार्ग बंद करणारं गॅस्केट, म्हणजे आत जाणारी हवा गार राहते. मोठे जेट, म्हणजे कार्बोरेटरची पेट्रोल सोडणारी भोकं. डिस्ट्रिब्युटरचा अ‍ॅडव्हान्स लवकर यावा म्हणून बदललेले भाग. आणि रॉकरवर लॉक होणारे नट, ज्यांनी हायड्रॉलिक टॅपेट त्याच्या प्रवासाच्या वरच्या टोकाशी धरून ठेवायचा, म्हणजे जास्त आरपीएमला तो ऑइलनं फुगून व्हॉल्व्ह उघडा धरत नाही. एकही भाग अवजड नाही, महाग नाही. एका डब्यात मावणारं सामान आणि एक शनिवार.

हीच डीलरशिप 'कार अँड ड्रायव्हर'च्या मार्च १९६४ च्या अंकामागे होती. त्यात पॉन्टियाक जीटीओची तुलना फेरारीच्या जीटीओशी केली होती आणि ० ते ६० मैल ४.६ सेकंद असा आकडा छापला होता. त्या गाडीत ३८९ चं नव्हे, ४२१ चं इंजिन होतं, हे वँगर्सनं पुढे स्वतःच सांगून टाकलं. आकड्यांचं असंच होतं. १९७१ पर्यंत छापले जाणारे हॉर्सपॉवरचे आकडे 'ग्रॉस', म्हणजे इंजिन स्टँडवर एकटं. एअर क्लीनर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. गाडीत बसवल्यावरचा 'नेट' आकडा वेगळा. १९७१ च्या ४५४ एलएस-५ साठी कंपनीनं दोन्ही दिले होते: ग्रॉस ३६५, नेट २८५. उलट बाजूला फोर्डनं ४२८ कोब्रा जेटला फक्त ३३५ लिहिलं होतं, आणि ते खूप कमी आहे हे ड्रॅग स्ट्रिपवरच्या, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या ट्रॅकवरच्या, प्रत्येकाला ठाऊक होतं. तिथं क्लास हॉर्सपॉवरवरून ठरायचा, आणि विम्याचा हप्ताही.

पाव मैल मात्र सगळ्यांना सारखाच. १,३२० फूट, दोन लेन, मध्ये दिव्यांचं झाड.

या झाडासमोर फॅक्टरीच्या टायरवर उभं राहणं ही खरी परीक्षा. त्या काळचा एफ-७०-१४ पॉलिग्लास टायर बायस-बेल्टेड (आजच्यासारखा रेडियल नव्हे), अरुंद, टणक. पाचशे फूट-पौंड टॉर्क त्याच्यावर एकदम टाकला तर गाडी जागच्या जागी धूर काढते आणि शेजारची निघून जाते. नवखा माणूस बर्नआउटच्या पाण्यात गाडी घालतो; नक्षीच्या टायरनं तसं करू नये. खाचांत पाणी भरतं, मडगार्डच्या आतून ठिबकत राहतं आणि ऐन सुरुवातीच्या रेषेवर टायर ओला होतो. पाण्याला वळसा घालून जायचं, कोरड्या जागी एकदाच चाक थोडं फिरवून धूळ झटकायची. मग हळूहळू पुढे. रेषेवरचा पहिला प्रकाशकिरण चाकानं तुटला की वरचा पिवळा लहान दिवा, आणखी काही इंच गेलं की दुसरा. तिथंच थांबायचं, पुढे सरकायचं नाही, म्हणजे घड्याळ सुरू होण्याआधी चाकाला थोडीशी धाव मिळते. तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं उतरतात. हिरव्याची वाट बघणारा हरतो. शेवटचा पिवळा दिसताच सुटायचं. ४,००० आरपीएमवर क्लच सोडणं हे सिनेमातलं काम. पॉलिग्लासवर १,२०० ते १,५०० वर सोडतात, चाक धरलंय असं सीटमधून जाणवेपर्यंत पाय अर्ध्यावर, मग तळाला. हे सगळं साधारण दोन सेकंदांत, आणि प्रत्येक वेळी वेगळं. कारण ऊन वाढलं की ट्रॅक बदलतो, हवा जड झाली की जेट बदलतो.

सुटताना ड्राइव्हशाफ्टचा पीळ मागच्या अ‍ॅक्सलला असा फिरवू पाहतो की उजवं मागचं चाक उचललं जातं. साधं डिफरन्शिअल असेल तर तेच एकटं गरगरतं. शेव्हेलला मागे कॉइल स्प्रिंगा असतात. तिथली जुनी युक्ती म्हणजे उजव्या स्प्रिंगच्या आत रबरी एअर बॅग घालून तिच्यात थोडी जास्त हवा भरायची. क्रायस्लरच्या गाड्यांना मागे पाटे. जोर आला की पाटा एसच्या आकारात वळतो, मग सुटतो, पुन्हा वळतो, आणि चाक ट्रॅकवर टणाटण उड्या मारतं. त्यात युनिव्हर्सल जॉइंट तुटतात. म्हणून त्यांच्या अ‍ॅक्सलच्या नाकावर एक रबरी ठोकळा, पिनियन स्नबर, आणि पाट्याच्या पुढच्या अर्ध्याला जादा पानं. कुणी हे प्रयोगशाळेत शोधून काढलं असं नाही. इंजिनिअर आणि मेकॅनिक शनिवार-रविवारी मिळून मोडतोड करत गेले आणि सोमवारी त्यातलं काही ड्रॉइंगवर आलं.

म्हणून आता जुन्या गाड्यांच्या आठवणी निघतात तेव्हा मी वेगाबद्दल फारसं बोलत नाही. वेगाच्या बाबतीत आजची बॅटरीवर चालणारी घरगुती सेडान त्यांतल्या बहुतेकींना पहिल्या शंभर फुटांतच मागे टाकते, आवाज न करता. त्या शेव्हेलनं स्टॉक टायरवर साडेतेरा ते चौदा सेकंद घेतले असते. माणसं हळवी होतात ती त्या आकड्यामुळे नाही. एखाद्या शनिवारी चौदा-चार (१४.४ सेकंद) होता, जेट दोन नंबरांनी बदलला, टायमिंग दोन अंश पुढे घेतलं, आणि संध्याकाळी चौदा-एक आला. मधले तीन दशांश आपल्या हातांनी आणले. ते तीन दशांश अजून तोंडपाठ असलेली सत्तरीतली माणसं मला भेटलीत. नातवंडांचे वाढदिवस विसरतात, पण त्या वेळी प्रायमरी जेट कितीचा होता हे सांगतात.

मग सगळं थोड्या वर्षांत आटोपलं. तरुणांच्या विम्याचे हप्ते गाडीच्या हप्त्याच्या बरोबरीला आले, १९७० चा क्लीन एअर अ‍ॅक्ट आला, १९७१ पासून जनरल मोटर्सनं कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवलं, १९७३ च्या ऑक्टोबरात तेलाची कोंडी झाली. हवेचा कायदा योग्यच होता. त्या धुरात राहिलेल्या कुणीही वेगळं म्हणू नये.

आता त्या ट्रेलरवरच्या गाडीकडे येतो. न चालवल्यानं गाडी जपली जाते हा मोठा गैरसमज आहे. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे वॉर्निश उरतं; अ‍ॅक्सिलरेटर पंपाचं रबर वाळून आक्रसतं. आजच्या दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुन्या रबरी नळ्या आतून सोलवटतात, आणि इथेनॉल ओलावा ओढतं म्हणून टाकी गंजते. ब्रेकचे व्हील सिलिंडर जागच्या जागी धरतात. ठरावीक व्हॉल्व्ह स्प्रिंगा वर्षानुवर्षं दाबलेल्या राहतात. कॅमच्या लोबवरचं ऑइल पूर्ण निथळून जातं, आणि या इंजिनांचा कॅम सपाट टॅपेटवर घासतो, त्याला रोलर नाही. अशी गाडी बऱ्याच वर्षांनी नुसती किल्ली फिरवून चालू केली तर पहिल्या मिनिटात लोब खरवडला जाऊ शकतो. योग्य रीत अशी: डिस्ट्रिब्युटर काढायचा, त्याच्या भोकातून ऑइल पंपाची दांडी ड्रिलनं घड्याळाच्या दिशेनं फिरवायची, रॉकरवर ऑइल दिसेपर्यंत. ऑइल झिंक भरपूर असलेलंच हवं. आजच्या साध्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. आणि सव्वाअकरा कॉम्प्रेशनला पंपावरचं ९३ ऑक्टेनचं पेट्रोल पुरत नाही, इंजिन नॉक करतं. सुनोको कंपनीच्या जास्त ऑक्टेनच्या '२६०' पेट्रोलचा जुना पंप आता नाही. तेव्हा शर्यतीचं शंभर ऑक्टेनचं पेट्रोल मिसळायचं, किंवा टायमिंग दोन-चार अंश मागे घ्यायचं.

मिशिगनमध्ये स्टँटन नावाचं एक लहान गाव आहे. तिथल्या ड्रॅग स्ट्रिपवर नव्वदच्या दशकापासून प्युअर स्टॉक मसल कार ड्रॅग्ज भरत आल्या आहेत, सप्टेंबरात, हवा गार आणि दाट होते तेव्हा. फॅक्टरीच्या रूपातल्या गाड्या, अरुंद टायर, सायलेन्सर लावलेले. त्यांत लाखभर डॉलरच्या गाड्या असतात, आणि मालक त्या बेधडक पळवतात. बॉनेट उघडी टाकून इनटेकवर बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या, शेजारी ज्याच्याशी थोड्या वेळानं भिडायचंय तोच फिलर गेज हातात घेऊन मदतीला आलेला. मला वाटतं त्या शेव्हेलचं घर तिथं आहे.

आणि तो मुलगा. त्याच्यासारख्याला अस्सल एसएस परवडणार नाही, आणि तिच्या मागे लागूही नये. १९६९ पासूनच्या शेव्हेलमध्ये एसएस हा नुसता ऑप्शन होता. व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, तो कळत नाही, बनावट गाड्या खूप, आणि खात्रीचा बिल्डशीटचा कागद पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत सापडला तरच. त्यापेक्षा दोन दारांची साधी मालिबू बघावी. चासी तीच, सस्पेन्शन तेच. मात्र इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, म्हणून खिशात लोहचुंबक ठेवावं आणि मागच्या चाकांच्या कमानी, डिकीचा तळ, पुढच्या काचेखालचा भाग तपासावा. चुंबक चिकटत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. चासीला मागच्या चाकापाशी स्क्रू ड्रायव्हर टोचून बघावा. आत गेला तर गाडी सोडून द्यावी, कितीही स्वस्त असली तरी. चांगली मिळाली तर पहिल्या वर्षी इंजिनाला हात लावू नये. आधी ब्रेक, पुढे डिस्क बसवून. मग पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या. मग पोझिट्रॅक्शन (मागच्या दोन्ही चाकांना जोर देणारं डिफरन्शिअल) आणि मागच्या अ‍ॅक्सलला ३.५५ किंवा ३.७३ चं गिअर, ४.१० ची हौस असली तरी त्यावर ताशी ७० मैलांना इंजिन साडेतीन हजारांच्या वर फिरतं आणि घरी परतेपर्यंत कान बधिर होतात. उजव्या स्प्रिंगमध्ये एअर बॅग. एवढं झालं की स्ट्रिपवर जावं, पुढच्या टायरांत ४० पौंड हवा, मागच्यांत २८ पासून सुरुवात, आणि दर फेरीला एकच गोष्ट बदलावी. फेरीनंतर हातात येणाऱ्या वेळेच्या कागदावरचा पहिला आकडा पहिल्या साठ फुटांचा असतो. तिथं वाचलेला एक दशांश शेवटच्या रेषेपर्यंत दीड-दोन दशांश होतो, त्यामुळे पहिले काही महिने बाकीच्या आकड्यांकडे बघायची गरज नाही.